खोली मागणारा काळा माणूस आणि आपण

मराठीत बाहेरच्या माणसासाठी शब्दांची वाण नाही. परका, उपरा, परदेशी, आगंतुक, परप्रांतीय. यांतल्या 'उपरा' या शब्दाला लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाचे शीर्षक केले. तो शब्द समुद्रापलीकडून आलेल्या कुणासाठी नव्हता; याच मुलखात गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाड्याच्या पोरासाठी होता. 'परदेशी' हे तर आपल्याकडे आडनाव आहे आणि ते लावणारी कुटुंबे कैक पिढ्या महाराष्ट्रात नांदत आहेत. बाबासाहेबांच्या आठवणींच्या टिपणांचे जे इंग्रजी नाव आहे, त्याचा अर्थ होतो 'व्हिसाची वाट पाहताना'. त्या टिपणांत परदेशचा प्रवास जवळजवळ नाहीच. त्यांत मसूर स्टेशनावर खोळंबलेली पोरे आहेत, बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमातून झालेली हकालपट्टी आहे, चाळीसगावचा टांगा आणि दौलताबादचा हौद आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्या माणसाला खोली मिळाली, त्याला बडोद्यात मिळाली नाही. तेव्हा परका कोण आणि तो कुठे राहतो, या प्रश्नाशी आपला संबंध जुना आहे.

परदेशात राहणाऱ्या माणसाची रोजची गाऱ्हाणी आपल्या पांढरपेशा वाचकाला चांगली परिचयाची आहेत, पण एकाच बाजूने. दिवाळी अंकांतून ती येत असतात. अमेरिकेत आपले नाव कुणाला धड उच्चारता येत नाही, फोडणीच्या वासावरून शेजारी तक्रार करतात, व्हिसा मालकाच्या नोकरीला बांधलेला असतो, नोकरी सुटली की साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते. गाऱ्हाणी खरी आहेत. आपल्या माणसांचे त्यात आणखी एक गाऱ्हाणे असते आणि ते दिवाळी अंकांत येत नाही: तिथल्या भारतीय मंडळींतही आडनाव विचारले जाते. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक तिथल्या राज्यपालांनी ऑक्टोबरात नाकारले. या बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पुढेही लिहिले जाईल. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या टोकाबद्दल. ज्यांच्यासाठी आपलीच गल्ली परदेश आहे, त्यांचे तिथे काय होते?

तळवली हे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे गाव. एका अंगाला रबाळे, दुसऱ्या अंगाला घणसोली, रस्त्यापलीकडे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहत. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे नव्या शहराच्या आराखड्यात गेली. आगरी-कोळी माणसाच्या हाती गावठाण तेवढे उरले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्या रक्तातून आले. पण कुटुंबे वाढत होती आणि शेत गेले होते. मग कौलारू घराच्या जागी मजल्यावर मजला चढला. सरकारी भाषेत या इमारतींना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. ती नियमित कशी आणि किती करायची, हा प्रश्न वर्षानुवर्षे शासननिर्णय आणि मोर्चे यांच्यामध्ये हेलकावे खात आला आहे.

हे इतके सांगायचे कारण असे की, परक्याला खोली कुठे मिळते हे या इतिहासाने ठरवले आहे. सेक्टरमधल्या गृहनिर्माण संस्थेत कमिटी असते, नियमावली असते, आणि त्या नियमावलीत न लिहिलेले नियम जास्त असतात. मला नोकरी लागली तेव्हा अशाच एका संस्थेत खोली पाहायला गेलो होतो. दलालाने पगार विचारला नाही. आधी आडनाव विचारले, ते ऐकून 'मूळ गाव कुठलं' विचारले, आणि मग 'नॉनव्हेज चालत नाही हो इथं' असे सांगितले. गावठाणातला घरमालक मात्र स्वतः सुकट खातो आणि भाड्यावर जगतो. त्याला अनामत आणि महिन्याचे भाडे वेळेवर हवे. म्हणून मराठवाड्यातून दुष्काळात उठून आलेला आपला माणूस, जौनपूरचा वेल्डर, मुर्शिदाबादचा गवंडी आणि नायजेरियाचा व्यापारी हे चौघे एकाच जिन्याने वर जातात. जिना अरुंद असतो. कुणाला कुणाचा धक्का लागतोच.

हे आफ्रिकी लोक आले कसे? बहुतेक व्यापाराच्या वाटेने. मशीद बंदर आणि डोंगरीच्या घाऊक बाजारातून तयार कपडे घ्यायचे, तिरुपूरला जाऊन बनियन-टीशर्टांचे गठ्ठे उचलायचे, ते मालवाहू विमानाने किंवा बोटीने लागोसला पाठवायचे आणि फरकावर जगायचे. मुंबईतली भाडी झेपेनाशी झाली तसे ते मीरा रोड, नालासोपारा आणि खाडी ओलांडून नवी मुंबईकडे सरकले. काही शिकायला आलेले आहेत, काही उपचाराला, काही नुसतेच अडकलेले. 'नायजेरियन' हे नाव लोक सरसकट सगळ्यांना लावतात. त्यात घाना, युगांडा, आयव्हरी कोस्ट, टांझानिया, काँगो सगळे आले. आपल्यापैकी अनेकांना शहरात 'बौद्ध वगैरे' या एका शब्दात बसवले जाते, तशातलाच हा प्रकार. जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपल्या नायराचा दर बाजारावर सोडला आणि तो कोसळला. ज्या गठ्ठ्यावर चार पैसे सुटत होते, त्यावर तोटा येऊ लागला. परतीच्या तिकिटाचे पैसे खोलीभाड्यात गेले आणि व्हिसाची मुदत मात्र नायराची वाट पाहत थांबली नाही.

आता मुख्य गोष्ट. परदेशी माणसाच्या जगण्यात सगळ्यांत मोठा त्रास कागदाचा असतो, आणि तो कागद कसा चालतो हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. व्हिसा दीर्घ मुदतीचा असेल तर आल्यावर ठरलेल्या दिवसांत नोंदणी करावी लागते. २०१८ पासून हे काम बरेचसे ऑनलाइन झाले. व्हिसाची मुदत वाढवायची तरी तिथेच अर्ज. त्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो: नोंदलेला भाडेकरार, किंवा घरमालकाने परदेशी पाहुण्याची पोलिसांना दिलेली माहिती, ज्याला लोक अजून 'सी फॉर्म' म्हणतात. ही माहिती चोवीस तासांत द्यायची असते आणि ती द्यायची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारीही घरमालकाचीच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये ते स्पष्ट आहे.

पण ज्याची स्वतःची इमारतच 'गरजेपोटी' उभी आहे, तो सरकारी दप्तरात आपला पत्ता आपणहून कशाला लिहून देईल? तो म्हणतो, 'कागद नको, दोन हजार जास्त दे.' भाडेकरू देतो, कारण दुसरीकडे खोली नाही. कागद नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून मुदतवाढ अडते. मुदत संपली की तोच माणूस बेकायदा होतो, आणि बेकायदा माणसाला खोली देणे हा धोका म्हणून भाडे आणखी वाढते. काल रीतसर शिक्का घेऊन उतरलेला माणूस असा वर्ष-दीड वर्षात फरारी ठरतो. सगळेच असे होतात असे मी म्हणत नाही. मुद्दाम मुदत उलटवणारेही आहेत. पण जिन्यात भेटणाऱ्या ज्या चार-सहा जणांशी मी बोललो, त्यांची कथा साधारण या क्रमाने जाते.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा नवा कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्यात विलीन झाले. मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षे आणि पाच लाख. माणूस परदेशी आहे की नाही असा प्रश्न उठला तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच माणसावर, ही १९४६ ची तरतूद नव्या कायद्यातही कायम आहे. सोबत रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांनीही परदेशी माणसाची माहिती कळवायची आहे. म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाने दवाखान्याची पायरी चढण्याआधी पासपोर्टवरची तारीख पाहायची. तो मग मेडिकलच्या दुकानातून गोळ्या घेतो आणि खोलीत पडून राहतो.

कागदाची ही कुचंबणा आपल्याला अनोळखी वाटू नये. जातीचा दाखला काढायला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या साली त्याचा आजा कुणाच्या तरी वाड्यावर सालगडी होता आणि त्याच्या नावे ना सातबारा होता ना शाळेचा दाखला. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. ज्यांना गावच नव्हते त्यांच्याकडून गावातल्या वास्तव्याचा पुरावा मागायचा! महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत ही पोरे खिडकीसमोर कशी उभी असतात ते मी दरवर्षी पाहतो. कागद नसलेल्या माणसाच्या खांद्यांना एक विशिष्ट बाक येतो.

बाहेरचा छळ वेगळा. लोकलमध्ये आफ्रिकी माणूस बसला की शेजारची जागा रिकामी राहते. गर्दीच्या वेळी, ठाणे-वाशी गाडीत रिकामी जागा! कुणी न विचारता फोटो काढतो. पोरे मागून 'हबशी', 'कालिया' म्हणून ओरडतात. रिक्षावाला थांबत नाही, थांबला तर मीटर टाकत नाही. बायकांचे तर विचारूच नका. आफ्रिकी बाई रात्री आठला भाजी घेऊन येत असली तरी तिच्याकडे एकाच नजरेने पाहिले जाते. दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये जानेवारी २०१४ च्या एका रात्री राज्याचे तत्कालीन कायदामंत्रीच जमाव घेऊन आफ्रिकी बायकांच्या घरांवर चालून गेले होते आणि त्या बायकांना लघवीचे नमुने द्यायला लावले होते. बंगळूरजवळ जानेवारी २०१६ च्या अखेरीस एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीने एका बाईचा जीव गेला. थोड्या वेळाने त्या रस्त्याने आलेल्या, अपघाताशी काही संबंध नसलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मारले, तिचे कपडे फाडले. काळी आहे, एवढा पुरावा पुरला. आपल्या बायांची नग्न धिंड काढणाऱ्यांनी याहून जास्त पुरावा कधी मागितला होता?

खाण्याची गोष्ट थोडी गमतीची आहे. त्यांच्याकडे कंद कुटून केलेला घट्ट गोळा आमटीत बुडवून खातात. इथे ते कंद सहज मिळत नाहीत म्हणून ते रव्याचा गोळा करतात. आमटीत सुकी मासळी, मुंडी, पाय, वजडी. सेक्टरमधल्या संस्थेत या वासाने भूकंप झाला असता. गावठाणात कोळणीला हे सगळ्यांत चांगले गिऱ्हाईक वाटते. ती त्यांच्याशी खुणांनी घासाघीस करते आणि हसते. वजडी कशी साफ करायची यावर आमच्या मजल्यावरच्या एका मावशी आणि एक घानाची बाई यांचे बोलणे भाषेवाचून अर्धा तास चाललेले मी ऐकले आहे. मावशींना ती 'अक्का' म्हणते. कुठून शिकली कोण जाणे.

पण त्याच जिन्यात अफवाही चढतात. 'हे माणसं खातात' ही त्यांतली सगळ्यांत जुनी. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका मुलाचा मृत्यू झाला तेव्हा हीच अफवा उठली आणि नायजेरियन तरुणांना भर मॉलमध्ये खुर्च्यांनी, काठ्यांनी मारले गेले. त्यानंतर आफ्रिकी देशांच्या दिल्लीतील राजदूतांनी संयुक्त निवेदन काढून हे हल्ले वर्णद्वेषी आहेत असे म्हटले. भारत सरकारने ते मान्य केले नाही. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. डरबनला २००१ साली वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तिथे मांडावा म्हणून दलित संघटना गेल्या होत्या. सरकारचे म्हणणे होते की जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरातला मामला आहे. वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९६८ सालीच मान्य केलेला आहे. जातीचा प्रश्न नेला तर तो वंश नव्हे म्हणून परत येतो, काळ्याचा नेला तर तो वंशद्वेष नव्हे, किरकोळ गुन्हेगारी म्हणून परत येतो. मग त्या करारात नेमके कोण बसते?

आता 'ड्रग्ज'. या शब्दाला बगल देऊन हा लेख लिहिला तर तो अप्रामाणिक होईल. अमली पदार्थांच्या प्रकरणांत आफ्रिकी नागरिक पकडले जातात, नवी मुंबईतही वेळोवेळी छापे पडले आहेत आणि माल सापडला आहे. विष विकणारा काळा असो की गोरा, तो आपल्या पोरांचा शत्रू आहे. वस्तीतली दोन मुले मी या व्यसनात वाया जाताना पाहिली आहेत. प्रश्न पुढचा आहे. एकाने केलेल्या गुन्ह्यावरून सबंध रंगाचा गुन्हेगार करायचा, ही रीत कुठून आली? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, रामोशी यांचे मूल जन्मतःच संशयित ठरले. रोज पोलीस चौकीवर हजेरी, गाव सोडायला परवाना, सोलापूरला काटेरी तारेच्या आतली सेटलमेंट. स्वराज्य मिळून पाच वर्षे झाल्यावर, १९५२ मध्ये तो कायदा गेला. चोरी झाली की पारध्याच्या पालावर पहिली धाड पडते, ती सवय मात्र गेली नाही. आज एखाद्या इमारतीत छापा पडतो तेव्हा काळ्या माणसांना खाली उभे करतात, पासपोर्ट पाहतात, आणि ज्याचे काहीही सापडले नाही त्याचेही चित्र मोबाइलवरून गावभर फिरते. दुसऱ्या दिवशी घरमालक म्हणतो, 'खोली खाली कर.' गोव्यात ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. मारला गेला होता तो नायजेरियन; तरी एका मंत्र्याने त्या समाजालाच कॅन्सरची उपमा दिली, आणि मग दिलगिरी व्यक्त केली.

ज्यावर खटला भरला जातो त्याची आणखी एक कोंडी होते. जामीन मिळाला तरी स्थानिक जामीनदार कुठून आणायचा? खटला चालू असेपर्यंत देश सोडता येत नाही. व्हिसा संपलेला, म्हणून काम करता येत नाही. घरी जायला बंदी आणि इथे राहायला मनाई, अशा स्थितीत माणूस वर्षानुवर्षे राहतो, आणि मग समाज विचारतो, हे जगतात कशावर? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात निकाल दिला की जामिनावरच्या माणसाने आपल्या मोबाइलवरून सतत आपले ठिकाण पोलिसांना दाखवत राहावे, अशी अट घालता येणार नाही. परदेशी आरोपीने दूतावासाचे प्रमाणपत्र आणलेच पाहिजे, हा हट्टही न्यायालयाने अमान्य केला. चौकीवरची हजेरी ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दिली, त्यांनी हा निकाल वाचावा.

आपल्या घटनेत अशा माणसाला काय मिळते? विद्यार्थी हा प्रश्न विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. कलम १४, कायद्यापुढील समानता, आणि कलम २१, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, ही दोन्ही 'व्यक्ती'ला आहेत. तिथे 'नागरिक' हा शब्द नाही. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले. पण कलम १५, १६ आणि १९ नागरिकांपुरती आहेत. दुकान, हॉटेल, विहीर यांत मज्जाव करता येणार नाही, हे कलम १५ मधले वचन परदेशी माणसाला लागू नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. आणि खाजगी घरमालकाने रंग पाहून खोली नाकारली, तर त्याच्याविरुद्ध जाण्यासाठी खास असा कायदा नाही. अर्थात जात पाहून नाकारली तरी आपण फारसे काही करू शकत नाही. सहकारी गृहसंस्थेने सभासदत्व एका समाजापुरते ठेवले तर ते चालू शकते, असा निकाल २००५ मध्ये झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. त्याची फळे सेक्टर-सेक्टरमध्ये दिसतात. खोलीच्या दारात तो आणि मी जवळजवळ सारखेच उभे आहोत. फरक इतकाच की मी आडनाव बदलून पाहू शकतो. त्याला कातडे बदलता येत नाही.

इथे आपल्या चळवळीकडे वळायला हवे. काळ्या माणसाशी आपले नाते आपण पुस्तकांतून फार अभिमानाने सांगत आलो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि ड्यूबॉइस यांनी त्याला उत्तर दिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच तिथून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी काळ्यांचे साहित्य मराठी वाचकापुढे आणले, आणि आपल्या समीक्षेत 'ब्लॅक लिटरेचर आणि दलित साहित्य' हा विषय इतका रुळला की परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. मीही तो शिकवतो. 'काळा' या शब्दाची शिवी त्यांनी कशी उलटवली आणि 'दलित' या शब्दाचे आपण काय केले, हे फळ्यावर लिहून दाखवतो. एकदा असा तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, आपल्या इमारतीतला तो नायजेरियन रिचर्ड राइट वाचतो का?' वर्ग हसला. प्रश्न वाईट नव्हता. आपल्या मनातला काळा माणूस अमेरिकेत राहतो, कविता लिहितो आणि लढतो. तळवलीत भाड्याने राहणारा काळा माणूस टीशर्टांचे गठ्ठे बांधतो आणि रविवारी मोठ्याने गाणी म्हणतो. याच्याशी काय बोलायचे, हे पुस्तकांत नव्हते.

खरे तर अमेरिकेइतके दूर जायचीही गरज नव्हती. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने बांधलेल्या नहरीचे पाणी शतकानुशतके लोक प्याले. जंजिऱ्यावर सिद्दींची सत्ता १९४८ पर्यंत होती. कोकणाला आफ्रिकी चेहरा चारशे वर्षे माहीत आहे. 'हबशी' हा शब्द एके काळी सरदाराचा होता. आज पोरे तो जिन्यात शिवी म्हणून फेकतात, आणि त्यांत आपली पोरेही असतात. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे.

उलट बाजूही आहे. आफ्रिकी माणसाला आपली जात दिसत नाही. त्याच्या लेखी मी 'इंडियन', मला खोली नाकारणारा 'इंडियन' आणि त्याला शिवी देणाराही 'इंडियन'. एकाला मी जात म्हणजे काय ते समजावण्याचा प्रयत्न केला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, 'पण तुम्ही तर सगळे एकसारखेच दिसता, मग ओळखतात कसं?' मी म्हणालो, 'आडनावावरून.' तो म्हणाला, 'मग सांगू नका ना, ब्रदर.' त्याला वाटत होते, लपवता येते तर दुःख हलके असेल. आपल्यातल्या ज्यांनी आडनावे बदलून सेक्टरमध्ये घरे घेतली आहेत, त्यांना हा प्रश्न विचारून पाहायला हवा.

गेल्या महिन्यात हा सगळा विषय आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या बैठकीत आला. तीसेक आफ्रिकी लोकांचा एक प्रार्थनागट आहे. त्यांनी विचारणा केली की दर रविवारी सकाळी तीन तास समाजमंदिर भाड्याने मिळेल का. भाडे रीतसर देऊ, झाडून-पुसून देऊ. बैठकीला नेहमीपेक्षा जास्त माणसे होती. एक म्हणाले, रविवारी सकाळी आपली वंदना आणि पोरांचा वर्ग असतो. त्यावर वेळ बदलता येईल असे निघाले. दुसऱ्यांनी ढोल आणि आवाजाचा मुद्दा काढला. आपल्या जयंतीच्या डीजेची आठवण कुणीतरी करून दिल्यावर तो मागे पडला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, हे ख्रिस्ती लोक, उद्या आपल्या पोरांना ओढतील. जोरकस मुद्दा महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी मांडला: पावती दिली की नावांची यादी आली, यादी आली की पोलीस ती मागणार, आणि यादीतल्या एकाचा जरी व्हिसा संपलेला निघाला तर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली धाड पडणार. हे समाजमंदिर मिळवायला आपल्याला अठरा वर्षे लागली, ते घालवायचे का?

त्यावर मागे बसलेल्या एक बाई उठल्या. त्या तळवलीत आल्या तेव्हा पहिल्या जयंतीला मंडपासाठी जागा कुणी देत नव्हते, शेवटी एका आगरी घरमालकाने आपले अंगण दिले, तेही शेजाऱ्यांशी भांडून. एवढेच त्यांनी सांगितले आणि त्या बसल्या. त्या घरमालकाने त्या वेळी पावती दिली होती का, असे काकांनी विचारले. नाही, म्हणाल्या.

मी मत दिले ते समाजमंदिर द्यावे असे, लेखी करार करून आणि वकिलाचा सल्ला घेऊन. ते मान्य झाले नाही आणि फेटाळलेही गेले नाही. बैठक ६ डिसेंबरनंतर पुन्हा बोलावली आहे. तोपर्यंत त्यांची प्रार्थना औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद गाळ्यात चालते. गाळ्याचा मालक तासावर भाडे घेतो आणि पावती देत नाही.